नवा अग्नी

इ. स. १५०७ मधील एका रात्रीची ही गोष्ट. मेक्सिकोच्या खोऱ्यातील घरोघरच्या चुली आणि मंदिरांतील अग्निकुंडे विझविण्यात आली होती. स्त्रीपुरुष धाब्यांवर चढून दूरच्या टेकडीकडे डोळे लावून बसले होते. टेकडीवर पुरोहित कृत्तिकांचा पुंज न्याहाळीत होते. कृत्तिका माथ्यावरून पुढे सरकल्या, तर जग आणखी बावन्न वर्षे टिकणार. न सरकल्या, तर सूर्य पुन्हा उगवणारच नाही, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. कृत्तिका पुढे सरकल्या. नवा अग्नी प्रज्वलित झाला आणि मशालींनी तो गावोगाव पोहोचला.

हे लोक म्हणजे अ‍ॅझटेक होत. टेश्कोको सरोवरातील बेटावर त्यांनी १३२५ च्या सुमारास तेनोच्तित्लान हे नगर वसविले. त्यांची पंचांगे दोन होती: एक ३६५ दिवसांचे, दुसरे २६० दिवसांचे. दोहोंचा आरंभ बावन्न वर्षांनी पुन्हा एकत्र येई. म्हणून त्या रात्रीचे एवढे महत्त्व.

यापूर्वी चार सूर्य होऊन गेले व त्यांच्यासह चार जगे लयास गेली, असे ते मानीत. पाचवा सूर्य देवांनी आत्मबलिदान करून निर्मिला. तेव्हा ते ऋण माणसानेही रक्ताने फेडले पाहिजे, ही त्यांची धारणा होती. नगरातील थोर मंदिराच्या माथ्यावर युद्धदेव वित्सिलोपोच्त्ली आणि पर्जन्यदेव त्लालोक यांची देवळे होती. तेथे युद्धात पकडलेल्या बंदींचा बळी दिला जाई. ही चाल क्रूर होती, यात शंका नाही. परंतु हेच लोक फुलांवर व काव्यावर प्रेम करीत आणि मुलांसाठी शाळाही चालवीत.

१५१९ साली स्पेनचा एर्नान कोर्तेस सुमारे पाचशे सैनिक व सोळा घोडे घेऊन या किनाऱ्यावर उतरला. घोडा हा प्राणी तेथील लोकांनी कधी पाहिला नव्हता. ८ नोव्हेंबर रोजी राजा मोक्तेसुमाने त्याचे नगरात स्वागत केले. अवघ्या दोन वर्षांत, १३ ऑगस्ट १५२१ रोजी, ते वैभवशाली नगर पडले.

असे कसे घडले? पुष्कळ पुस्तकांत एक कथा आढळते. केत्साल्कोआत्ल हा देव परत येणार होता. कोर्तेस म्हणजे तोच, असे समजून मोक्तेसुमा भोळेपणाने फसला, अशी ती कथा. परंतु ती ज्या ग्रंथांत आढळते, ते नगर पडल्यानंतर काही दशकांनी लिहिले गेले. स्वतः कोर्तेसने आपल्या राजाला पाठविलेल्या पत्रांत या देवाचे नाव नाही. म्हणून आजचे अनेक इतिहासकार ही कथा मागाहून रचलेली मानतात.

खरी कारणे निराळी होती. अ‍ॅझटेकांना खंडणी आणि बंदी द्यावे लागणारे शेजारी त्यांचे वैरी बनले होते. त्लाश्कालाचे हजारो योद्धे कोर्तेसच्या बाजूने लढले. स्पॅनिश सैन्याजवळ पोलादी तलवारी व तोफा होत्या. त्यातच १५२० मध्ये देवीची साथ आली. हा रोग तेथे पूर्वी नव्हता. असंख्य माणसे दगावली, नवा राजाही मृत्यू पावला. तरीही पुढचा तरुण राजा क्वाउतेमोक याने सुमारे अडीच महिने वेढ्याला तोंड दिले.

विजेत्यांनी मंदिर पाडून त्याचे दगड नव्या इमारतींना वापरले. १९७८ साली मेक्सिको शहरात वीजकंपनीचे कामगार खोदकाम करीत असता, देवीची आकृती कोरलेली प्रचंड शिळा सापडली आणि पुढील उत्खननात मंदिराचे अवशेष उजेडात आले. अ‍ॅझटेकांची नावात्ल भाषाही जिवंत आहे. ‘टोमॅटो’ हा आपल्या बोलण्यातला शब्द मूळ तिचाच.

मुलांनो, पराभूतांची कथा बहुधा जेते सांगतात. म्हणून कोणतीही कथा ऐकताना, ती कोणी व केव्हा लिहिली, हे अवश्य विचारावे.

स्वाध्याय
१. अ‍ॅझटेक लोक बावन्न वर्षांनी नवा अग्नी का पेटवीत?
२. तेनोच्तित्लान पडण्याची कारणे सांगा.
३. केत्साल्कोआत्लच्या कथेवर इतिहासकार विश्वास का ठेवीत नाहीत?