स्मारकाची राखण

पॅरिस नगरीच्या पश्चिमेस मार्न-ला-कोकेत नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाजवळच्या विस्तीर्ण उपवनात उंच वृक्षांच्या सावलीतून पुढे गेले, की पाषाणाची एक भव्य कमान दृष्टीस पडते. पॅरिसमधील जगप्रसिद्ध विजयकमानीसारखीच ती दिसते; आकाराने मात्र तिच्या निम्मी आहे. तिच्या दोन्ही बाजूंस स्तंभांच्या ओळी आहेत आणि समोरच्या जलाशयात साऱ्या वास्तूचे प्रतिबिंब पडते. कमानीच्या खाली एक तळघर आहे. रंगीत काचांच्या 13 खिडक्यांतून तेथे मंद प्रकाश येतो आणि त्या प्रकाशात दगडी शवपेटिकांच्या रांगा दिसू लागतात. फ्रान्ससाठी लढताना प्राणास मुकलेल्या 68 अमेरिकन वैमानिकांच्या स्मरणार्थ हे स्मारक उभारलेले आहे.

फ्रान्सच्या भूमीवर अमेरिकन वैमानिकांचे स्मारक का, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज येईल. त्याच्या उत्तरासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात जावे लागते. 1914 साली युरोपात युद्ध पेटले, तेव्हा अमेरिका तटस्थ राहिली. एप्रिल 1917 पर्यंत ती युद्धात उतरली नाही. परंतु काही अमेरिकन तरुणांना स्वस्थ बसवेना. फ्रान्सवर ओढवलेले संकट पाहून ते आपण होऊन त्या देशाच्या मदतीला धावले. कोणी रुग्णवाहिका चालवू लागले, तर कोणी फ्रान्सच्या परदेशी पलटणीत भरती होऊन खंदकांत उभे राहिले. नॉर्मन प्रिन्स, विल्यम थॉ इत्यादी तरुणांनी मात्र अमेरिकन वैमानिकांचे स्वतंत्र पथक उभारण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन 20 एप्रिल 1916 रोजी असे पथक स्थापन झाले. कॅप्टन जॉर्ज तेनो हे फ्रेंच अधिकारी त्याचे नायक होते.

त्या काळची विमाने म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड! वैमानिकाची जागा उघडीच असे. अंगाला बोचणारा वारा आणि समोर शत्रूच्या गोळ्या, अशा स्थितीत त्याला लढावे लागे. विमान पेटले तर उडी टाकून वाचावे, म्हणून लागणारी हवाई छत्रीही या वैमानिकांजवळ नसे. हे सारे ठाऊक असूनही ते रोज आकाशात झेप घेत.

व्हिक्टर चॅपमन हे या पथकातील एक वैमानिक होते. जून 1916 मध्ये व्हर्दंच्या रणभूमीवर घनघोर संग्राम चालू होता. 17 जून रोजी चॅपमन यांच्या डोक्याला जखम झाली. तरीही त्यांनी विश्रांती घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी क्लाइड बॉल्सली हे त्यांचे सोबती गंभीर जखमी होऊन रुग्णालयात पडले. तहानेने त्यांचा जीव कासावीस होत असे. त्यांच्यासाठी चॅपमन यांनी संत्री मिळवली. 23 जून रोजी ती संत्री विमानात घेऊन ते निघाले. वाटेत आपले सहकारी शत्रूच्या विमानांशी झुंजत असलेले पाहून ते त्या झुंजीत शिरले. त्यांचे विमान कोसळले. संत्री मित्रापर्यंत पोहोचली नाहीत. युद्धात मरण पावलेले ते पहिले अमेरिकन वैमानिक ठरले.

तटस्थ देशाचे नागरिक आपल्याविरुद्ध लढत आहेत, अशी तक्रार जर्मनीने केली. तेव्हा डिसेंबर 1916 मध्ये पथकाच्या नावातील ‘अमेरिकन’ हा शब्द वगळून त्यास ‘लाफायेत’ हे नाव देण्यात आले. हे नाव मोठे अर्थपूर्ण होते. अमेरिका स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी झगडत असताना, 1777 साली, अवघ्या 19 वर्षांचे लाफायेत हे फ्रेंच सरदार समुद्र ओलांडून तिच्या साहाय्यास गेले होते. त्या जुन्या उपकाराचे स्मरण या नव्या नावात होते. या पथकात एकंदर 38 अमेरिकन वैमानिक होऊन गेले. पुढे त्यांचे अनेक देशबांधव फ्रान्सच्या इतर पथकांतून लढू लागले. त्या सर्वांपैकी 68 जण परतले नाहीत.

युद्ध संपल्यावर त्यांच्या सोबत्यांनी स्मारकाची कल्पना मांडली. जागा फ्रान्सने दिली. विल्यम नेल्सन क्रॉमवेल या अमेरिकन वकिलांनी फार मोठा आर्थिक भार उचलला. अलेक्झांद्र मार्सेल या वास्तुशिल्पज्ञांनी आराखडा केला आणि 4 जुलै 1928 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, स्मारकाचे उद्घाटन झाले. 49 वैमानिकांचे देह तेथे चिरनिद्रा घेत आहेत. त्यांचे दोन फ्रेंच अधिकारीही त्यांच्याशेजारी विसावले आहेत. ज्यांचे देह तेथे नाहीत, त्यांच्यासाठीही पेटिका ठेवलेल्या आहेत. पेटिका रिकामी असली, तरी तिच्यावरील नाव पुसलेले नाही.

स्मारक उभारणे हे एका पिढीचे काम असते. ते राखणे हे मात्र पुढच्या प्रत्येक पिढीचे काम असते. उद्घाटनाच्या दिवशी सेनापती येतात, भाषणे होतात, पुष्पचक्रे वाहिली जातात. त्यानंतर पावसाळे आणि हिवाळे येतात. दगडी वास्तूचा खरा शत्रू म्हणजे पाणी. सांध्यांतील बारीक फटीतून ते आत शिरते. थंडीत त्याचे बर्फ झाले, की ते फुगते आणि दगडाला तडा जातो. आतील लोखंड ओलाव्याने गंजून फुगते व सभोवतालचे बांधकाम फोडते. या स्मारकाचेही तसेच झाले. वरून झिरपणारे पाणी तळघरात पोहोचले आणि वास्तू जीर्ण होऊ लागली. देखभालीसाठी एक निधी स्थापन झालेला होता. परंतु वाढत्या खर्चापुढे तो अपुरा पडू लागला. वैमानिकांना प्रत्यक्ष ओळखणारे सोबती आणि आप्तही एकेक करून काळाच्या पडद्याआड गेले. स्मारक होते, पण त्याच्यासाठी हळहळणारे डोळे उरले नव्हते.

अशा वेळी कोणी म्हणेल, “जिवंत माणसांना अन्न, औषध आणि शाळा हव्या असताना दगडांवर धन का वेचावे?” हा प्रश्न खोटा नाही. उपाशी मुलाला घास देणे हे कोणत्याही कमानीपेक्षा मोठे पुण्य होय. परंतु 68 तरुणांनी आपले प्राण दिले, तेव्हा आम्हाला विसरू नका, एवढा विश्वास त्यांनी जगावर टाकला होता. आपल्यावर विश्वास टाकणारा माणूस मरून गेला, म्हणून त्याला दिलेला शब्द मोडावा काय? शिवाय, शवपेटिकांच्या त्या रांगा पाहणाऱ्याला युद्धाची खरी किंमत कळते. ज्यांना ती किंमत ठाऊक असते, ते नवे युद्ध पुकारण्यापूर्वी शंभर वेळा विचार करतात.

अखेर फ्रान्स आणि अमेरिका या दोन्ही देशांनी पुढाकार घेतला. दोघांच्या पैशातून वास्तूचा जीर्णोद्धार झाला आणि पथकाच्या स्थापनेला 100 वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी, 20 एप्रिल 2016 रोजी, तेथे मोठा समारंभ झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2017 साली, परदेशांतील अमेरिकन युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी आयोगाने स्मारकाची जबाबदारी कायमची स्वीकारली. ज्या कामाला व्यक्तींचा उत्साह आणि खाजगी निधी पुरा पडत नव्हता, ते आता एका संस्थेचे नित्याचे कर्तव्य झाले.

फ्रान्सच्या मातीत भारतीय वैमानिकही विसावले आहेत. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजला शिकले आणि ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. जून 1918 मध्ये ते जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले व तेथेच त्यांचा अंत झाला. हांगार या गावी त्यांची समाधी आहे. कोलकात्याच्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत शत्रूची 10 विमाने पाडली आणि 22 जुलै रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांना वीरमरण आले. एस्तव्हेल गावातील त्यांच्या समाधीवर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत. या समाध्यांची काळजी 1917 साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग घेतो. बंगाली न जाणणारे माळी त्या अक्षरांभोवतीचे गवत कापतात आणि फुलझाडांना पाणी घालतात.

मृतांना आपण काही परत देऊ शकत नाही. त्यांचे नाव वाचता येईल इतके स्वच्छ ठेवणे, छपरातील फट वेळीच बुजवणे आणि पुढच्या पिढीला त्यांची कथा सांगणे, एवढेच आपल्या हाती असते. हे काम लहान दिसते, परंतु ते न थकता करावे लागते. कृतज्ञता एका दिवसाच्या समारंभाने सिद्ध होत नाही. ती वर्षानुवर्षांच्या राखणीने सिद्ध होते.

स्वाध्याय

1. अमेरिका तटस्थ असताना तिचे तरुण फ्रान्ससाठी का लढले?
2. पथकाला ‘लाफायेत’ हे नाव का देण्यात आले? ते अर्थपूर्ण कसे होते?
3. “पेटिका रिकामी असली, तरी तिच्यावरील नाव पुसलेले नाही,” या वाक्याचा भाव स्पष्ट करा.
4. दगडी वास्तूचा शत्रू पाणी असे का म्हटले आहे?
5. आपल्या गावातील एखादे स्मारक किंवा वीरगळ पाहा. त्याची सध्याची स्थिती आणि त्याच्या राखणीसाठी काय करता येईल, हे दहा ओळींत लिहा.