करवंदीच्या कुंपणाविषयी

मु. पोंभुर्णा,
ज्येष्ठ शु. दशमी

चि. मनोहर यास मामाचे अनेक आशीर्वाद.

महाबळेश्वरी चाखलेल्या रास्पबेरीची रोपे आणवून शेतघराच्या हद्दीवर लावावीत, म्हणजे फळही मिळेल आणि शोभाही येईल, हा तुझा मनोदय पत्रातून कळला. हेतू मला सर्वस्वी मान्य आहे. झाड मात्र मान्य नाही. सुमारे ४,४०० फूट उंचीवरच्या शीतल हवेत रमणारे ते झुडूप, वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या मुलखात तू कितीही पाणी घातलेस तरी तग धरणार नाही. याउलट फळ, फूल आणि बंदोबस्त हे तिन्ही गुण ज्या एका झुडपात एकवटले आहेत, ते करवंद आपल्या सागवानी रानात कोणाच्याही मशागतीवाचून उभे आहे. फाल्गुन-चैत्रात त्याची जाईसारखी शुभ्र, सुगंधी फुले पाहिली म्हणजे बागेच्या शोभेसाठी परदेशी झुडपे कशाला धुंडाळावीत असेच वाटते.

बी ताजेच पेरावे. एका वर्षी मी ते वाळवून, डब्यात भरून, पुढच्या पावसाळ्यासाठी राखले आणि त्यातले एकही रुजले नाही. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर नष्ट होते, हे तेव्हा कळले. दुसरी चूक जागेची. धानाच्या बांधीलगतच्या सखल भागात लावलेली रोपे, मुळाशी पाणी साचून, दोन पावसाळ्यांत गेली. मुरमाड उंचवट्यावरची मात्र जोमाने वाढली. टपोऱ्या फळाची हौस असल्यास दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जातही आहे.

कुंपणासाठी दोन-अडीच फुटांवर रोप पुरे. परंतु ज्या झाडांपासून मुबलक फळाची अपेक्षा, त्यांना सहा-सात फुटांची मोकळीक द्यावी.

आता कात्रीविषयी, कारण फळ आणि शोभा यांची खरी तक्रार येथेच आहे. करवंदीला फूल येते ते फांद्यांच्या शेंड्यांवर; म्हणून जो माळी बारमाही छाटणी करून कुंपण भिंतीसारखे सपाट राखतो, तो स्वहस्ते पुढच्या वर्षीचे फळ कापून टाकतो. तू फळे उतरताच, मृगाच्या सरी स्थिरावल्यावर, एकदाच हलकी छाटणी करावी आणि पुढे फळ पिकेपर्यंत कात्री ठेवून द्यावी. घराकडची बाजू नेटकी राखण्याचा आग्रह असेलच, तर तेवढीच राख. रानाकडची बाजू आणि माथा झाडाच्या मर्जीवर सोड. तेथे पक्षी घरटी बांधतील, त्यांची अडचण मानू नकोस.

तिसऱ्या वर्षापासून थोडेथोडे फळ दिसू लागेल. कच्च्या फळांच्या देठांतून पांढरा चीक निघतो, तेव्हा लोणच्यासाठी ती मिठाच्या पाण्यात घालून मगच चिरावीत, हे तुझ्या आईस सांग.

टोपलीभर पिकलेली करवंदे तुझ्यासाठी काढून ठेवली आहेत. येत्या रविवारी ये. गर खाऊन झाल्यावर बिया धुऊन येथेच पिशव्यांत पेरू, माती मी चाळून ठेवतो.

तुझा,
मामा