पडदे काढल्यावर : सरोद आणि बास गिटार

तंतुवाद्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पाडता येतात. सतार, रुद्रवीणा, गिटार ही वाद्ये पहिल्या वर्गात मोडतात. त्यांच्या दांडीवर पडदे बसविलेले असतात. सारंगी, व्हायोलिन, सरोद ही दुसऱ्या वर्गातील. त्यांना पडदे नसतात. पडद्याचे कार्य साधे आहे. तारेचा किती भाग कंप पावावा हे तो ठरवितो. बोट पडद्याच्या किंचित मागे टेकले, तरी तार पडद्यावरच अडते आणि स्वर नेमका लागतो. पडदा म्हणजे वाद्य बनविणाऱ्याने वादकाला आधीच करून दिलेले मोजमाप होय. हे मोजमाप पुसून टाकले तर काय मिळते आणि काय गमवावे लागते, ते येथे पाहावयाचे आहे.

भारतात अशा प्रकारचा बदल एकोणिसाव्या शतकात घडून आला. अफगाण रबाबाच्या दांडीवर आतड्याचे काही पडदे बांधलेले असत आणि त्याच्या मुख्य तारांनाही आतडेच वापरीत. आतड्याच्या तारेचा नाद लवकर विरतो. त्यामुळे दीर्घ मींड घेण्यास तेथे वाव कमी. सरोदाच्या दांडीवर धातूचा गुळगुळीत पत्रा आला, तारा धातूच्या झाल्या आणि पडदे राहिले नाहीत. या सुधारणेचे श्रेय एका परंपरेत गुलाम अली खान बंगश यांना, तर दुसरीत नियामतुल्ला खान यांना देतात. बंगश घराण्यातील हाफिज अली खान (१८८८–१९७२) ग्वाल्हेरहून दिल्लीत आले. त्यांचे पुत्र अमजद अली खान यांचीही दिल्ली ही कर्मभूमी ठरली. तारेवर नख टेकवून ते पत्र्यावरून घसरविण्याची या घराण्याची रीत दिल्लीच्या श्रोत्यांच्या परिचयाची आहे.

पाश्चात्त्य बास वाद्याचा प्रवास प्रथम उलट दिशेने झाला. उभा डबल बास पडद्यांविनाच होता. १९५१ साली फेंडर कंपनीने पडदे असलेली विजेची बास गिटार बाजारात आणली व तिला ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असे सूचक नाव दिले. परंतु दहा वर्षांतच, १९६१ मध्ये, बिल वायमन या इंग्रज वादकाने आपल्या स्वस्त बासचे पडदे नवे बसविण्यासाठी काढले आणि तो नाद आवडल्याने ते पुन्हा बसविलेच नाहीत. पुढे जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) या अमेरिकन वादकाने १९६२ च्या बनावटीच्या बासवर पडद्यांविना जे वादन केले, त्याने १९७६ नंतर या वाद्याची कीर्ती जगभर झाली.

हे रूपांतर कसे करतात? प्रथम तारा उतरवितात. मग प्रत्येक पडदा डाग देण्याच्या तापलेल्या कावियाने ऊन करून, पातळ तोंडाच्या चिमट्याने एका टोकाकडून हळूहळू उचलतात. घाई केल्यास खाचेच्या कडेचे लाकूड ढलप्यांनी निघते. पडद्याची मुळे खाचांत पाचरीसारखी घट्ट बसलेली असतात. ती निघताच दांडीचा एक आधार जातो आणि तारांच्या ताणाने ती पुढे वाकू पाहते. म्हणून खाचा रिकाम्या न ठेवता त्यांत लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने बसवितात. पट्टीचे लाकूड निराळ्या रंगाचे असेल, तर जुन्या पडद्यांच्या खुणा रेषांच्या रूपाने उरतात. नंतर सरळ ठोकळ्याला काचकागद लावून पृष्ठभाग एकसारखा घासतात. धातूच्या तारांनी लाकूड झिजू नये म्हणून काही जण त्यावर कठीण रोगण चढवितात. पडद्यांची उंची नाहीशी झाल्याने खुंट्यांकडील आडवी पट्टी आणि घोडी, दोन्हीकडे तारा खाली आणाव्या लागतात.

दिल्लीच्या हवेत ऋतूचाही विचार करावा लागतो. ज्येष्ठातील कोरड्या उन्हाने लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. दमट दिवसांत बसविलेली पट्टी पुढे सैल होण्याचा संभव असतो. म्हणून पट्ट्यांचे लाकूड आधी चांगले वाळवून घेणे इष्ट.

या बदलाने नाद का पालटतो, हे समजण्यास तानपुऱ्याचे उदाहरण उपयोगी आहे. तानपुऱ्याच्या रुंद घोडीवर तार एका बिंदूवर न टेकता पृष्ठभागाला निसटता स्पर्श करीत राहते; त्यातून जवारी उमटते. पडदे काढलेल्या बासची तारही बोटापुढील लाकडाला अशीच हलकेच घासते आणि स्वर किंचित उशिरा फुलल्यासारखा वाटतो. शिवाय धातूच्या पडद्याऐवजी मऊ बोट तार अडविते; त्यामुळे नादाचा तीक्ष्णपणा कमी होतो.

हानीही तितकीच खरी आहे. अशा बासच्या तारेची लांबी साधारणपणे ८६४ मिलिमीटर असते. पहिल्या अर्धस्वराचे स्थान सुमारे ४८ मिलिमीटरवर येते. परंतु तारेच्या मध्यापाशी दोन अर्धस्वरांतील अंतर केवळ २४ मिलिमीटर उरते. तेथे बोट ३ मिलिमीटर चुकले, तर स्वर अर्धस्वराच्या आठव्या हिश्शाने ढळतो. जाणत्या कानाला ते खटकते. बोटही पूर्वीप्रमाणे पडद्याच्या मागे नव्हे, तर पडदा जेथे होता त्या रेषेवरच ठेवावे लागते.

काढलेले पडदे पुन्हा बसविता येतात, पण ते काम खर्चाचे असून दांडी पहिल्यासारखी होईलच असे नाही. बऱ्याच बासची दांडी स्क्रूंनी जोडलेली असते. तेव्हा दुसरी दांडी मिळवून तिच्यावर प्रयोग करणे शहाणपणाचे ठरते. मात्र कारागिराचे काम एक-दोन आठवड्यांत संपले, तरी वादकाचे काम तेथून सुरू होते. पूर्वी पडदा जो स्वर राखीत असे, तो यापुढे कानाने राखावा लागतो. सरोदिये ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या रियाजाने अंगी बाणवीत आले आहेत. ती स्वीकारण्याची तयारी असेल, तरच हाती चिमटा घ्यावा.