दुतोंड्या मारुती : परिसर-अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी)

उद्देश : मूर्तीभोवतीची श्रद्धा जपून तिच्यातून मिळणारी भौगोलिक माहिती विद्यार्थ्यांस वाचता यावी.

माहिती : नाशिक येथे रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. मागे व पुढे अशी दोन मुखे असल्यामुळे त्यास हे नाव पडले. वनवासात श्रीराम पंचवटीत राहिले, ही कथा मुलांना ठाऊक असतेच. ती परंपरा म्हणून सांगावी. पुराची नोंद हा मात्र प्रत्यक्ष पुरावा होय. "पाणी मारुतीच्या कमरेला लागले" एवढे ऐकताच नाशिककर पुराचा अंदाज बांधतात आणि सराफ बाजारातील व्यापारी माल हलवू लागतात. १९६९, २००८, २०१६ व २०१९ या वर्षांचे पूर लोकांच्या स्मरणात आहेत. गंगापूर धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये मोजतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८ लिटर. धरणावरचा आकडा प्रवाह सांगतो, मारुती पाण्याची उंची दाखवितो.

सहल : पावसाळा संपल्यावरच न्यावी. मूर्तीवर चढू नये, खूण करू नये. मूर्तीची सावली सपाट जागी पडली असता ती मोजावी व त्याच वेळी १ मीटर उभ्या काठीचीही सावली मोजावी. काठीची सावली अर्धा मीटर असेल, तर मूर्तीची उंची तिच्या सावलीच्या दुप्पट समजावी. जवळच नारोशंकराचे मंदिर (१७४७) व त्याची प्रसिद्ध घंटा आहे. मालेगावचा भुईकोट किल्ला याच नारोशंकरांनी बांधला, हे आवर्जून सांगावे.

परतल्यावर : मालेगाव मोसम नदीवर वसले असून गिरणाही जवळच आहे. प्रत्येक गावाचा असा एखादा 'मारुती' असतो : घाटाची पायरी, पुलाचा खांब, पिंपळाचा पार. मुलांनी वडीलधाऱ्यांस विचारून पाणी कोठवर चढले होते ते वर्षासह लिहावे. गावाच्या नकाशावर ती रेषा काढावी. त्या रेषेच्या आत कोणाची घरे, गोठे व विहिरी येतात ते पाहावे. रात्री पाणी वाढल्यास प्रथम कोणास उठवावयाचे, हे वर्गात ठरवून घ्यावे. तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावून ग्रामपंचायतीसही एक प्रत द्यावी.

प्रश्न : १. 'दुतोंडी माणूस' आणि 'दुतोंड्या मारुती' यांच्या अर्थांत फरक काय? २. आपल्या गावाची पूररेषा कोठे आहे?