चित्र पडद्याबाहेर काढायचं असेल तर

मोबाईलवर चित्र काढू नका, असं सांगणाऱ्यांतला मी नाही. अमरावतीत माझा चित्रकलेचा क्लास आहे, रविवारी अकोल्याला शिकवतो, आणि दोन्हीकडची बरीच मुलं हल्ली पहिली रेघ काचेवरच ओढून येतात. फोनवर आयबिस पेंट नाहीतर स्केचबुक, घरी लॅपटॉप असला तर क्रिता. पैसे न भरता सुरुवात करता येते. एका विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले, "कागद-रंगाले पैसे लागत नाही, घर खराब होत नाही, मंग वाईट काय जी त्याच्यात?" वाईट काहीच नाही. उलट, चुकलेली रेघ मागे घेता येते म्हणून भित्रं पोरगंही हात मोकळा सोडतं, हे मी रोज पाहतो.

अडचण येते ती चित्र पडद्यातून बाहेर पडताना. फ्लेक्सवर, परीक्षेच्या कागदावर, नाहीतर एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाताना. म्हणून पहिली रेघ ओढायच्या आधीच स्वतःला विचारायचं, हे चित्र शेवटी जाणार कुठे?

अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड यात्रा असते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर वाहून आणायचं आणि राजराजेश्वराला अभिषेक करायचा. एका मंडळानं त्यांच्या बॅनरसाठी माझ्या अकरावीतल्या विद्यार्थ्याला चित्र सांगितलं. पोरानं जीव ओतून काढलं. बांबूला ओळीनं बांधलेली पाण्याची भरणी, खांद्यावरचे भगवे दुपट्टे, चिखलानं भरलेल्या पोटऱ्या, आणि एका भरण्यातून डुचमळून उडालेलं पाणी. फोनवर पाहताना मी त्याची पाठ थोपटली होती. सहा फुटांचा फ्लेक्स छापून आला तेव्हा भरण्यांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसत होत्या, आणि त्या उडालेल्या पाण्याचे नुसते पांढरे चौकोन झाले होते.

ॲपनं आपणहून दिलेला कॅनव्हास १०८० बाय १०८० पिक्सेलचा होता. पिक्सेल म्हणजे रंगाचा एक चौकोनी ठिपका. सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्यात १०८० ठिपके ताणले की इंचाला १५ पडतात. एकेक ठिपका जवळपास पावणेदोन मिलिमीटरचा झाला, तो डोळ्याला दिसणारच. लांबून पाहायच्या फ्लेक्सला इंचाला ७० ते १०० पिक्सेल चांगले, हातात धरून पाहायच्या छपाईला ३००. ए-४ कागदावर नीट छापायचं तर कॅनव्हास २४८० बाय ३५०८ हवा. सहा फुटांना इंचाला ७२च्या हिशेबानं रुंदी ५१८४ पिक्सेल होते. साध्या फोनला ती जड जाते. कॅनव्हास वाढला की कितीतरी ॲप लेयरची, म्हणजे चित्राच्या एकावर एक थरांची, संख्या कमी करतात. अशा वेळी निम्मी रुंदी तरी घ्या, आणि पूर्ण झालेले लेयर एकमेकांत मिसळत जा. चित्र झाल्यावर आकार वाढवून उपयोग नसतो. ॲप नवे ठिपके भरतं खरं, पण नवी रेघ त्यात येत नाही.

रंगांचंही तसंच. दुपट्ट्यांचा तळपता भगवा छपाईत विटकरी झाला. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, छपाईचं यंत्र मुख्यतः निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. तेजस्वी नारिंगी, पोपटी आणि झगझगीत निळा शाईला झेपत नाही. त्यातून आपल्याकडे उन्हाळ्यात मुलं फोनचा उजेड पूर्ण वाढवून बसतात. तसं काढलेलं चित्र छापल्यावर हमखास काळवंडतं. उजेड मध्यम ठेवून रंग भरा, आणि मोठी छपाई करण्याआधी फूटभराचा नमुना छापून मागा. नमुन्याला फार पैसे लागत नाहीत. मंडळाच्या वर्गणीतून आलेला पैसा असेल तर हे करायलाच हवं.

बॅनरवरची अक्षरं ॲपमध्ये टाइप केली असतील तर लेयरवाली फाइल तशीच दुकानात देऊ नका. तिथला फॉन्ट वेगळा असतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या जागा सोडतात. अक्षरांसकट चित्र पीएनजी करून द्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते लहान होतं आणि पुन्हा वर सांगितलेलीच गत.

आता सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट. पुढं कावडीचं चित्र काढणाऱ्या त्याच मुलाच्या फोनची काच फुटली. दुरुस्तीला दिलेला फोन परत आला तो पुसून कोरा होऊनच. "सर, सारे चित्रं गेले न जी," एवढंच म्हणाला. दोन वर्षांचं काम होतं. त्याला वाटत होतं चित्रं फोनच्या गॅलरीत आहेत, पण ॲपची गॅलरी वेगळी असते. फोन पुसला किंवा नुसतं ॲप काढून टाकलं, तरी अनेकदा आतली चित्रं कायमची जातात. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये नियम आहे: चित्र पूर्ण झालं की त्याच दिवशी दोन प्रती बाहेर काढायच्या. एक पीएसडी, म्हणजे लेयर शाबूत राहतात, एक पीएनजी. दोन्ही पेनड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर. फोन दुरुस्तीला देण्याआधी तर हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या पालकांना मात्र मी हात जोडून सांगतो. या परीक्षा कागदावर होतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला 'अ'ला ७, 'ब'ला ५ आणि 'क'ला ३ वाढीव गुण मिळतात, म्हणून घरोघरी तिची धावपळ असते. आठवीतली माझी एक विद्यार्थिनी फोनवर अप्रतिम संकल्पचित्रं काढायची. कागदावर तिची डावी बाजू उजवीला जुळेना. ॲपमधलं सिमेट्रीचं साधन चालू ठेवलं की अर्धी नक्षी तुम्ही काढता, अर्धी ते काढतं. वर्तुळ वेडंवाकडं आलं तरी तेच गोल करतं. रंग तयार पट्टीतून उचलायचा. पोस्टर कलरमध्ये पिवळ्यात निळा किती घातला की पानाचा हिरवा येतो, हे हाताला कळतच नाही. तिला मी सिमेट्री आणि आपोआप आकार सरळ करणारी सोय बंद करायला लावली, आणि परीक्षेआधीचे दोन महिने फक्त कागद. कर्तव्यभूमितीसाठी कंपास, पट्टी आणि टोकदार पेन्सिल. तिथे फोनचं कामच नाही. तिची श्रेणी चांगली आली, पण वहीतली सुरुवातीची पानं पाहिली की हात किती मागे गेला होता ते दिसतं.

फोन वाईट नाही, हे पुन्हा सांगतो. चित्रकार डेव्हिड हॉकनीनं आयपॅडवर काढलेली वसंत ऋतूची चित्रं २०१२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत मोठाली छापून मांडली होती. पण त्या माणसानं त्याआधी अर्धशतक कागदावर आणि कॅनव्हासवर हात घासला होता.

शिकायला महागडं काही घेऊ नका. रबरी टोकाचं स्वस्त पेन बोटासारखंच बोथट असतं आणि दाब ओळखत नाही, त्यापेक्षा बोट बरं. खरंच पुढे जायचं असेल तर दाब ओळखणारा साधा पेन टॅब्लेट घ्या. नजर पडद्यावर आणि हात टेबलावर, याची सवय व्हायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरा. ॲप एकच ठेवा. ब्रश तीन पुरतात: एक पेन्सिल, एक कडक कडेचा, एक मऊ. घरच्या संगणकावर विंडोजचं साधं पेंट असेल तर त्यावरही सुरू करता येतं. २०२३ पासून त्याच्या नव्या आवृत्तीत लेयरही आले आहेत. आणि ॲप उघडलं की ब्रशला हात लावण्याआधी कॅनव्हासचा आकार स्वतः टाका, त्यानं दिलेला घेऊ नका.