हप्ता ६,२४० चा, खात्यात ६,५००, तरी बाऊन्स

नोकरी बदलली की पीएफ ट्रान्सफर करायची आठवण चार जण करून देतात. जुन्या सॅलरी अकाउंटचा विषय कुणी काढत नाही. माझा नवा पगार कंपनीच्या सोयीच्या बँकेत होणार होता, पण गाडीच्या कर्जाचा हप्ता जुन्याच खात्याला जोडलेला, दर महिन्याच्या ५ तारखेचा. पहिला पगार एचआरच्या कागदपत्रांत अडकला आणि ९ तारखेला पडला. त्यात ५ तारखेला रविवार. पूर्वी रविवारचा हप्ता आपोआप सोमवारवर जायचा. पण एनएसीएच, म्हणजे ज्याला आपण अजून ईसीएसच म्हणतो ती यंत्रणा, १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते. हप्ता रविवारीच आला आणि परत गेला.

बँकेने रिटर्न चार्ज लावला. ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. खातं रिकामं असल्यामुळे कापायला काही नव्हतं, म्हणून तेवढ्या रकमेचं ‘लीन’ लावून ठेवलं. हे लीन काय असतं ते मला पुढे कळलं. पगार झाल्यावर मी हप्त्यापेक्षा थोडे जास्तच, ६,५०० रुपये जुन्या खात्यात टाकले. फायनान्स कंपनीने ६,२४० चा हप्ता पुन्हा लावला आणि तो पुन्हा परत गेला. शाखेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. लेजर बॅलन्स ६,५००, खाली अव्हेलेबल बॅलन्स ५,९१०. मधले ५९० आधीच्या दंडाचे. ॲपवर ठळक दिसत होते ते ६,५००. दुसऱ्यांदा हप्ता परत गेला म्हणून आणखी ५९० गेले. ‘सर, सिस्टिमनेच कापलंय,’ त्या म्हणाल्या, आणि ते खरंही होतं.

दंडासाठी दंड म्हणतात तो हा. फायनान्स कंपनीने त्यांचे बाऊन्स चार्जेस वेगळे लावले, कारण परत गेलेल्या एका हप्त्यावर दोन्हीकडची मंडळी पैसे घेतात. शिवाय सलग तीन महिने पगार न आल्यामुळे बँकेने खातं साध्या बचत खात्यात बदललं आणि दहा हजारांच्या मिनिमम बॅलन्सची अट लागू झाली. पुढच्या महिन्यात तोही दंड आला.

मग मी नियम वाचायला बसलो. मिनिमम बॅलन्सच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, भरपाईसाठी महिन्याची मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणात आकारायचा आणि केवळ त्या दंडामुळे खातं उणे होऊ द्यायचं नाही. माझ्या बँकेने कळवलं होतं, पण जुन्या कंपनीच्या ईमेलवर, जो मी राजीनामा दिल्या दिवशीच बंद झाला होता. मोबाइल नंबर नोंदलेला असताना एसएमएस एकही नाही. हा मुद्दा लेखी मांडल्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड जीएसटीसकट परत आला. दोन्ही रिटर्न चार्जेस मात्र परत मिळाले नाहीत, कारण वरचं परिपत्रक त्यांना लागूच होत नाही. भांडण कशावर करायचं ते आधी ठरवावं. सरसकट ‘लूट चालवलीय’ म्हणून काउंटरवर आवाज चढवून फक्त मागे रांग वाढते.

नोकरी बदलणाऱ्याने सगळ्यात आधी जुन्या खात्यातून काय काय जातं ते स्टेटमेंट काढून बघावं. हप्ता, एसआयपी, विम्याचा प्रीमियम, ओटीटीसुद्धा. मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायला दिलेली परवानगी, बदलायचा तो बँकेत नाही, फायनान्स कंपनीकडे किंवा म्युच्युअल फंडाकडे. नव्या खात्यावर नवा मँडेट नोंदवा, त्यातून एक हप्ता गेलेला डोळ्यांनी बघा, मगच जुनं खातं बंद करा. तोपर्यंत जुन्या खात्यात हप्त्यापेक्षा दोन हजार तरी वरचे असू द्या. एकदा बाऊन्स झालेल्या खात्यात पैसे भरताना ‘लीन किती आहे?’ हे आधी विचारा आणि तेवढे मिळवून भरा. हे एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर दुसरे ५९० वाचले असते.

मिनिमम बॅलन्स ही बहुतेक ठिकाणी महिन्याची सरासरी असते. रोज दिवसअखेरीची शिल्लक घेऊन तिची बेरीज करायची आणि दिवसांच्या संख्येने भागायचं. दहा हजारांची अट असेल तर तीस दिवसांच्या महिन्यात एकच दिवस तीन लाख ठेवले तरी ती पूर्ण होते. एफडी मोडून ती दुसरीकडे लावायची असेल तर मध्ये एक रात्र पैसे कुठल्या खात्यात राहतात याला म्हणून अर्थ असतो. हा हिशेब अर्थात ज्यांच्याकडे एफडी आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी बेसिक सेव्हिंग्ज खातं मागावं. त्याला मिनिमम बॅलन्स लागत नाही, एटीएम कार्ड मिळतं, आणि आधीचं बचत खातंही त्यात बदलून घेता येतं. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवर ही माहिती आपणहून कुणी देत नाही, विचारावी लागते.

तक्रार आधी बँकेकडे लेखी करून क्रमांक घ्यायचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्याला पैसे लागत नाहीत. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पण तक्रार चालू आहे म्हणून हप्ता थांबवू नका. हप्ता थकला की त्याची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाते, आणि २०२५ मध्ये ती दर पंधरवड्याला जाऊ लागली.

राहिला प्रश्न फुकट बँकिंगचा. ते फुकट कुणासाठी आहे? २०१७ साली स्टेट बँकेने मिनिमम बॅलन्सचा दंड पुन्हा सुरू केला आणि एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये १,७७२ कोटी गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतल्या तिच्या नफ्यापेक्षा हा आकडा मोठा होता. ओरड झाली आणि मार्च २०२० मध्ये दंड गेला. तरी सगळ्या सरकारी बँकांनी मिळून २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत या नावाखाली सुमारे साडेआठ हजार कोटी घेतले. हे पैसे दिले कुणी? ज्यांच्या खात्यात कमी होतं त्यांनी. भरल्या खात्यांना लॉकर, लाउंज, रिलेशनशिप मॅनेजर, आणि खर्चाचा एक भाग महिनाअखेरीला अडकलेल्यांच्या खिशातून.

ब्रिटनमध्येही हेच वाद झाले. तिथे खातं उणे जात नाही तोवर सगळं फुकट, गेलं की जबर आकार. २००९ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय बँकांच्या बाजूने गेलं. अखेर २०२० मध्ये नियामकाने ओव्हरड्राफ्टचे ठरावीक आकार बंद केले, तेव्हा बहुतेक मोठ्या बँकांनी ओव्हरड्राफ्टचं व्याज चाळीस टक्क्यांच्या आसपास नेलं.

आपल्याकडे २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक अशा सरकारी बँकांनी मिनिमम बॅलन्सचा दंड सोडला. त्याच वर्षी आयसीआयसीआयने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी ही अट पन्नास हजारांवर नेली आणि टीका झाल्यावर काही दिवसांत पंधरा हजारांवर आणली. एटीएमचे मोफत व्यवहार संपल्यावरचा आकार त्याच वर्षी मे महिन्यात २१ वरून २३ रुपयांवर गेला आणि स्टेट बँकेचं बचत खात्याचं व्याज जूनमध्ये अडीच टक्क्यांवर आलं. माझा अंदाज असा की मिनिमम बॅलन्सचा दंड हळूहळू सगळीकडून जाईल, कारण तो डोळ्यांत खुपतो. रिटर्न चार्ज राहील. त्यावर ओरड होत नाही. ज्याचा हप्ता बाऊन्स होतो तो चारचौघांत ते सांगत नाही.