‘एंटर’ : एक शब्द, अनेक दारें

निबंधांच्या वह्या तपाशीत असतां एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत वरचेवर माझ्यापुढें येतें : ‘द टीचर एंटर्ड इन द क्लासरूम.’ लिहिणाऱ्यांनीं आळस केला असें मुळींच नव्हे. ‘शिक्षकांनीं वर्गांत प्रवेश केला’ हें शुद्ध मराठी वाक्य त्यांनीं मनांत योजिलें, आणि ‘वर्गांत’ या शब्दांतील सप्तमीच्या प्रत्ययाबद्दल प्रामाणिकपणें एक ‘इन’ ठेवून दिला. चूक होते ती येथेंच. ‘आंत’ हा अर्थ ‘एंटर’ या शब्दाच्या पोटांत आधींच आहे. त्यास दुसऱ्या ‘आंत’ची जरुरी नाहीं. म्हणून ‘एंटर्ड द क्लासरूम’ एवढेंच शुद्ध होय.

हा अर्थ त्याच्या पोटांत आला कोठून? लॅटिन भाषेंत ‘इंत्रा’ म्हणजे आंत. त्यापासून ‘इंत्रारे’ हें क्रियापद झालें व फ्रेंच भाषेंत त्याचें ‘आंत्रे’ झालें. सन १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकिल्यानंतर पुढील दोन-तीन शतकांत फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजींत शिरला, त्यांतच हा शब्दहि आला. लॅटिन ‘इंतेर’ व संस्कृत ‘अंतर्’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. तेव्हां आपलें ‘अंतःकरण’ आणि इंग्रजांचें ‘एंटर’ यांचें दूरचें कां होईना, पण नातें आहे.

आतां कोणी विचारील, “मग पुस्तकांत ‘एंटर इंटु’ असें आढळतें, तें चूक काय?” नाहीं. जेथें खोली, घर, गांव असें खरोखरीचें स्थळ असतें, तेथें ‘इंटु’ नको. परंतु करार, संभाषण, भागीदारी यांस भिंती नसतात. त्यांत मनुष्य पायांनीं शिरत नाहीं. अशा ठिकाणीं ‘एंटर इंटु’ म्हणतात, व त्याचें मराठी ‘करार करणें’, ‘बोलणें सुरू करणें’ असें होतें. ‘कराराच्या आंत शिरला’ असें भाषांतर केल्यास वाचणारा हंसेल.

दुसरें दार वाण्याच्या पेढीवर उघडतें. तेथें माणूस आंत जात नाहीं. तो रक्कम आंत घालतो. वहींत केलेली नोंद म्हणजे ‘एंट्री’. प्रत्येक व्यवहार एकदां नांवें व एकदां जमा, असा दोन ठिकाणीं लिहिण्याच्या पद्धतीस ‘डबल एंट्री’ म्हणतात. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानें सन १४९४ मध्यें व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत तिचें विवेचन केलें आहे. कोशांतील प्रत्येक शब्द आणि स्पर्धेसाठीं आलेलें प्रत्येक नांव हीहि एक ‘एंट्री’च. संगणकावरील ‘एंटर’ ही कळ दाबली म्हणजे आपण लिहिलेला हुकूम यंत्र स्वीकारतें; तेथेंहि घालण्याचाच अर्थ आहे.

तिसरें दार रंगभूमीचें. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘एंटर हॅम्लेट’ अशी सूचना असते. कर्ता एकवचनी असून क्रियापदास ‘एस्’ कां नाहीं? कारण हें वर्णन नसून आज्ञा आहे : ‘हॅम्लेटनें यावें.’

चौथें दार मात्र फसवें आहे. ‘एंट्रन्स’ या शब्दाचा पहिला अवयव जोरानें उच्चारला तर अर्थ ‘प्रवेशद्वार’. तींच अक्षरें ठेवून दुसऱ्या अवयवावर जोर दिला, तर ‘मोहित करणें, भान हरपविणें’ असा अर्थ होतो. कारण तें ‘ट्रान्स’ या वेगळ्या शब्दापासून झालेलें क्रियापद आहे. अक्षरें तींच, पण कुळ निराळें!

यावरून ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट एकच. शब्दाचा एक मराठी अर्थ पाठ करून तो सर्वत्र चिकटवूं नये. कोण आंत जातो, कोणास घालतो, आणि कशांत, हे तीन प्रश्न प्रथम विचारावे. पालकांसहि विनंति कीं, मुलगा अगर मुलगी कोश उघडून बसली असतां पहिल्या अर्थावरच तिला थांबूं देऊं नका. खालीं दिलेलीं वाक्यें मोठ्यानें वाचावयास सांगा. पाठ केलेला अर्थ परीक्षेपुरता टिकतो. वाक्यांत पाहिलेला शब्द जन्मभर कामीं येतो.

सरावासाठीं चार वाक्यें देतों. ‘प्रवेश’ हा शब्द एकदांहि न वापरतां त्यांचें मराठी करा :

१. इट नेव्हर एंटर्ड माय हेड.
२. एंटर युवर नेम हियर.
३. शी एंटर्ड द रेस.
४. ही हॅज एंटर्ड ऑन हिज ड्यूटीज.

चारहि वाक्यें साधलीं, तर हा शब्द तुमचा झाला असें खुशाल समजा.